निघायची वाजवणारे मास्तर

बँजो वाजवायला घेतला की मास्तर आधी त्याच्या लाकडावर हनुवटी टेकवायचे. डोळे मिटायचे, एक तार छेडायचे, क्षणभर तसेच थांबायचे, आणि मग मान वर करून टेम्पोच्या ड्रायव्हरकडे बघायचे. लग्नातली म्हातारी माणसं एकमेकांना कोपरानं ढोसून सांगायची, "बघा, वाद्याच्या पाया पडल्याबिगर हात लावत न्हाई." मलाही तसंच वाटायचं. ती हनुवटी मी कितीतरी लग्नांत बघितली, पण तिचा अर्थ कळायला त्यांचं वाजवणं बंद व्हावं लागलं.

आमच्याकडच्या लग्नात बँजो म्हणजे काय, हे तुमच्यातल्या पुष्कळांना माहीत असेल. आडवा ठेवायचा, डाव्या हातानं टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि उजव्या हातानं तारा छेडायच्या. तो आवाज मशीनमधून काढून भोंग्यात सोडला की शेजारच्या गावाला कळतं, आज कुणाचं तरी लगीन आहे. मशीन, बॉक्स, भोंगे हे सगळं माझं. माजलगावात स्टँडच्या बाजूला माझं साऊंडचं दुकान आहे, आणि मास्तरांच्या बँजो पार्टीला सामान माझ्याकडून जायचं.

टेम्पो लहान. पुढे ढोलकी आणि ताशे, मधे मास्तर, मागे जनरेटर. माझा सगळ्यात मोठा बॉक्स बसायला जागा एकच उरायची, मास्तरांच्या डाव्या कानाशी. तिथे तो मीच बांधला होता, दोरीच्या गाठी मीच आवळल्या होत्या. पुढे मास्तरांना ऐकू येईनासं झालं तेव्हा मला दुसरं काही आठवलं नाही, त्या गाठी आठवल्या. या माणसाचे कान आपण घालवले, असं मी मनाशी धरून बसलो होतो.

मी तसा लगेच स्वतःला दोषी धरणारा माणूस आहे. दुसऱ्याच्या मांडवात लाइट गेली तरी मी आधी माझीच वायर तपासतो. बायको म्हणते, "गावात कुणाची म्हैस आटली तरी ह्यांनाच झोप लागत नाही." मास्तरांना हे पक्कं ठाऊक होतं. एकदा पाटोद्याकडच्या लग्नात भोंग्यानं अशी शिट्टी मारली, की नवरदेवाचा घोडा उधळला आणि नवरदेवासकट थेट ज्वारीच्या रानात गेला. मी मास्तरांपुढे हात जोडले. ते म्हणाले, "भाऊ, घोडा घोडेवाल्याचा, रान पाटलाचं, नवरदेव त्याच्या बापाचा. त्याच्यात तुमचं काय?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाऊस आला, ड्रायव्हर पिऊन पडला, ढोलकीचं पान फाटलं, मी तोंड उघडायच्या आत ते म्हणायचे, "त्याच्यात तुमचं काय?"

त्यांची माझी ओळख झाली ती एका विलायती तुकड्यामुळे. तेव्हा कॅसेटचे दिवस होते. मी शहरातून एक जुना अँप्लिफायर आणला होता, त्याच्या खोक्यात विकणाऱ्याच्या काही कॅसेट तशाच राहिल्या होत्या. एक इंग्रजी होती. वरचा कागद इतका घासलेला की नाव वाचता येत नव्हतं. मोठा बॉक्स नुकताच तयार झाला होता, तो तपासायला मी ती लावली. त्याच वेळी मास्तर दुकानात आले, बँजोचा आवाज मशीनला पोचवणाऱ्या पिकअपचं काही काम घेऊन. त्या आधी ते माझ्या दुकानाची पायरी कधी चढले नव्हते.

गाणं सुरू झालं ते गिटारनं. जाड, खर्जातली गिटार. काही सूर एकामागून एक वर चढले, थांबले, पुन्हा चढले, जरा पुढे गेले आणि अर्ध्यातून मागे आले. एवढंच. मग तेच पुन्हा. मास्तरांनी हातातला चहा काउंटरवर ठेवला, उकिडवे बसले आणि बॉक्सच्या लाकडाला गाल लावला. मला वाटलं, लाकूड कोणतं आहे ते बघताहेत.

तेवढ्यात गायक गायला लागला. मास्तर उठले.

"बंद करा. ह्याचं काम न्हाई. मगाचचं लावा."

मी कॅसेट मागे घेतली. पुन्हा गिटार, पुन्हा गाल बॉक्सला. गायक आला की हात वर, "बंद करा." असं इतक्या वेळा झालं की माझं गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं. शेवटी मी विचारलं, "मास्तर, गाणं तर ऐकाल का नाही? तो बिचारा काय म्हणतोय?"

"त्याचं त्याला म्हणू द्या," ते म्हणाले. "हे सुरवातीचं बघा. बसलेली गाय उठती का न्हाई, तसं हाय. आधी मागचे पाय. मग थांबती. मग पुढचे. मग अंग झटकती. आन परत वाटतं, बसती का काय."

मास्तर पाटोदा तालुक्यातल्या मेंढरं राखणाऱ्या घरातले. त्यांची सगळी मापं जनावरांची. पण तुम्ही अशी एखादी धून कधी लक्ष देऊन ऐकली असेल, तर सांगा, यापेक्षा नेमकं काय म्हणता येईल? मी आयुष्यभर साऊंडच्या धंद्यात आहे. गाणी येतात आणि जातात. तो तुकडा मात्र दर वेळी नव्यानं उठतो. तो काही सांगत नाही, रडत नाही, कुणाची आठवणही काढत नाही. फक्त उठतो, आणि ऐकणाऱ्यालाही उठवतो.

मास्तरांनी तो बँजोवर बसवला. बँजोच्या बारीक तारांवर तो किरकिरा वाटायचा, म्हणून माझ्याकडून शहरातून जाड तार मागवली आणि बाजूला चढवली. पार्टीतले लोक हसले. "मास्तर, ही तार हाय का कुंपण?" मास्तर म्हणाले, "कुंपणच हाय. तुमच्यासारखी जनावरं आत ऱ्हावी म्हणून."

आता त्या तुकड्याचा उपयोग कसा सापडला ते सांगतो. आमच्याकडे लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीला नेतात, त्याला परण्या म्हणतात. मारुती हाकेच्या अंतरावर असतो, पण परण्या पोचत नाही. नवरदेवाचे मित्र एकाच जागी नाचत राहतात. मांडवातून भटजी माइकवर ओरडतात, मुहूर्त टळला, मुलीचा बाप हात जोडत येतो, आणि मित्र म्हणतात, "मास्तर, अजून एक!"

वडवणीजवळच्या एका लग्नात मास्तरांनी सहज तो तुकडा सुरू केला. नाचणारी पोरं क्षणभर गोंधळली. ह्यावर कंबर हलवता येईना, हात वर करता येईना. मग पाय उचलले गेले, आणि पुढेच पडले. सगळा घोळका पावलं टाकत चालायला लागला, घोड्यासकट. गाण्यावर माणूस जागच्या जागी नाचतो, ह्यावर मात्र चालतो. परण्या मारुतीला पोचला तेव्हा मुलीच्या बापाचे डोळे भरून आले होते.

त्या दिवसापासून त्या तुकड्याला नाव पडलं, निघायची, म्हणजे निघायची धून. मुलीकडचे लोक टेम्पोपाशी येऊन हळूच म्हणायचे, "मास्तर, आता निघायची घ्या." ड्रायव्हरही तिच्यावरच गिअर टाकायचा. त्याला आरसा लागत नव्हता, हॉर्न लागत नव्हता. मास्तरांनी हनुवटी टेकवली की तो क्लच दाबायचा. जिथून कुठून ते सूर आले असतील तिथल्या माणसांना कधी कळणार नाही, पण आमच्या भागातली कितीतरी लग्नं त्यांच्यामुळे मुहूर्तावर लागली.

एकदा एक नवरदेव पुण्यात कंपनीत नोकरीला असलेला होता. निघायची सुरू झाली आणि तो घोड्यावरून खाली उतरला. फेटा एका कानावर, बाशिंग दुसऱ्या कानावर, आणि हा भर रस्त्यात गुडघे वाकवून, डोळे मिटून, हातात नसलेली गिटार वाजवायला लागला. मुलीचा मामा घाबरला. "अरे, पाणी आणा! नवरदेवाला झटका आलाय!"

अंगातला जोर ओसरल्यावर नवरदेव टेम्पोपाशी आला. "काका, हे तुम्हाला कसं माहीत? हा त्या गाण्याचा रिफ आहे. जगभर प्रसिद्ध आहे हो!"

"आमचं हाय हे. निघायची," मास्तर म्हणाले.

"नाही काका, इंग्लिश आहे."

"असंल. त्यांनी बी कुठंतरी गाय उठताना बघितली असंल. जा, घोड्यावर बसा. मुहूर्त चाललाय."

त्या पोराकडून मला रिफ हा शब्द कळला, गाण्यात फिरून फिरून येणारा तुकडा. गाण्याचं नावही त्यानं सांगितलं होतं, पण ताशांत ते मला नीट ऐकू आलं नाही, आणि पुन्हा विचारावंसंही वाटलं नाही. माझ्यासाठी तिचं नाव ठरलेलं होतं.

मग दिवस बदलले. डीजे आले. त्यांच्या भिंतीएवढ्या बॉक्सपुढे बँजो टिकेना, म्हणून पार्टीचा मालक मला म्हणायचा, "भाऊ, आवाज वाढवा." मी वाढवायचो. मास्तर स्वतःही मागे वळून अंगठा वर करायचे, आणखी. आणि दिवसेंदिवस ते निघायचीच जास्त वाजवायला लागले. नवी गाणी घेईनात. पार्टीतली पोरं कुरकुरायची, "मास्तरला दुसरं काय येतंय का न्हाई बे?" मीही मनात म्हणायचो, वय झालं.

एका परण्यात भर गर्दीत माझ्या मशीनचा फ्यूज गेला. भोंगे बंद, बॉक्स बंद. ताशेवाले थांबले, ढोलकीवाला थांबला. फक्त मागचा जनरेटर टेम्पो हादरवत होता, आणि त्या अचानक पडलेल्या शांततेत मास्तर वाजवत होते. निघायची. डोळे मिटून, मान डोलावत, नुसती तारेची किणकिण. पोरं आधी हसली. "मास्तर मुकी धून वाजवतंय रे!" मग हसणं थांबलं, कारण मास्तर थांबेचनात. ड्रायव्हर खिडकीतून मान काढून बघत राहिला.

मी टेम्पोवर चढून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी डोळे उघडले, समोरच्या गप्प उभ्या माणसांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कवाचं बंद हाय?" त्यांनी हळू विचारलं.

"आत्ताच," मी खोटं बोललो. पण ते माझ्या ओठांकडे बघत होते, आणि मला वाटतं, त्यांना तेही कळलं.

त्यानंतर मालकानं मास्तरांच्या जागी कॅसिओ वाजवणारा पोरगा घेतला. मास्तर कुणाशी न भांडता गावी निघून गेले. मी मात्र त्या बॉक्सकडे बघू शकेना. तो विकून टाकला, तरी काही हलकं वाटलं नाही. दुकानातली पोरं बॉक्स बांधायला निघाली की मी ओरडायचो, "माणसाच्या कानाशी नको, बाहेर तोंड करा." त्यांना माझं डोकं फिरल्यासारखं वाटायचं. मास्तरांना भेटायला जावं असं रोज मनात यायचं, आणि रोज वाटायचं, काय तोंडानं जाऊ?

गेल्या हिवाळ्यात शेवटी गेलो. बीडहून कानाचं मशीन घेतलं, मोटारसायकल काढली आणि पाटोद्याच्या पुढे विचारत विचारत त्यांच्या वस्तीवर पोचलो.

लांबूनच आरडाओरडा ऐकू आला. बायका ओरडत होत्या, माणसं ओरडत होती. मला वाटलं, मोठं भांडण चाललंय, आपण चुकीच्या वेळी आलो. जवळ गेलो तर मास्तरांचा धाकटा भाऊ जेवायला बसला होता, आणि त्याची बायको त्याला ओरडून विचारत होती, "आजून भाकर वाढू का?" आणि तो ओरडून सांगत होता, "नगं!"

मी मास्तरांबद्दल विचारलं. भावानं कानाला हात लावला. मी पुन्हा विचारलं. भाकर वाढणारी वहिनी हसत पुढे आली.

"जोरात बोला, पावणं. ह्या घरातल्या गड्यांस्नी हळू कळत न्हाई. सासऱ्याचं तसंच व्हतं, थोरल्याचं तसं, ह्यांचं तसं. आमच्याकडं सून बघाया जात्यात तवा सैपाक इचारत न्हाईत. म्हणत्यात, पोरी, त्या लिंबाखालनं हाक मार बरं."

मी ओट्यावर बसलो. "मास्तरांचंही? कधीपासून?"

"पोर असल्यापासनंच कमी हाय की," भाऊ मोठ्यानं म्हणाला. "आमचा बा पावा दाताला धरून ऐकायचा. हाडातनं यतं म्हणायचा. दादानं तेच धरलं, हनुवटी लावून. बाहिर कुणाला सांगू नगा म्हणायचा. वाजवणाऱ्याला ऐकू यत न्हाई म्हणलं तर सुपारी कोण दील?"

आणि मला तो पहिला दिवस दिसला. दुकान, काउंटरवर ठेवलेला चहा, उकिडवे बसलेले मास्तर आणि बॉक्सच्या लाकडाला लावलेला त्यांचा गाल. तो बॉक्स तोवर एकाही लग्नाला गेला नव्हता. त्याला अजून दोरीसुद्धा लागली नव्हती. गायकाचा आवाज त्यांना नको होता असं नाही, तो त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. पोचत होती ती एकटी खर्जातली गिटार, लाकडातून, हाडातून. सगळ्या जगाच्या गाण्यांतून जे त्यांना पुरतं मिळालं, ते त्यांनी धरून ठेवलं होतं.

मास्तर रानात होते. बांधाच्या कडेला मेंढरं बसली होती आणि ते एका पालथ्या पत्र्याच्या डब्यावर बसले होते. मला बघून उठले, माझे दोन्ही हात धरले. मी मशीन काढून त्यांच्या कानात बसवलं, आणि इतकी वर्षं साठलेलं एका दमात बोलून टाकलं. बॉक्स, गाठी, वाढवलेला आवाज, सगळं. त्यांच्या भावानं सांगितल्यानंतरही बोललो, कारण अंगात मुरलेलं एकदम जात नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पोट धरून हसले.

"भाऊ, तुमच्या त्या डबड्यात एवढा दम व्हता व्हय? माझ्या बापजाद्याचे कान घालवायला?"

"पण मास्तर, थोडं तरी..."

"थोडं असंल की. म्या न्हाई म्हणत न्हाई. पण आंगठा वर कोण करत व्हतं? मीच. मला ती निघायची बॉक्समधनं पाठीत लागायची, लई बरं वाटायचं. त्याच्याबिगर मला लगीन मुकं व्हतं." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी ते वाक्य म्हटलं, फार दिवसांनी. "त्याच्यात तुमचं काय?"

खरं सांगतो, त्या बांधावर मी लहान पोरासारखा रडलो, आणि रडता रडता हसलो. ते मेंढरांकडे बघत राहिले, मला लाज वाटू नये म्हणून.

थोड्या वेळानं त्यांनी कानातलं मशीन काढलं, सदऱ्याच्या टोकानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं. "लई बारीक बारीक वाजतंय ह्याच्यात. पाला, माशा. डोकं उठतं. आमच्या भावजयीला द्या, तिच्या घशाला आराम पडंल." मग त्यांनाच काही सुचलं. "थांबा, एक दावतो."

त्यांनी काठी उलटी धरली आणि डाव्या हाताचा तळवा त्या पत्र्याच्या डब्यावर सपाट टेकवला. काठीच्या बुंध्यानं वाजवायला लागले. सूर नव्हते, नुसते ठोके. पण चढ होता, दम घेणं होतं, पुढे जाऊन अर्ध्यातून मागे येणं होतं. निघायची. मास्तर डब्याकडे बघत नव्हते. टेम्पोच्या ड्रायव्हरकडे बघावं तसे कळपाकडे बघत होते.

एका मेंढीनं कान हलवला. मागचे पाय उचलले, थांबली, मग पुढचे, मग अंग झटकलं. मग तिच्या शेजारची. मग सगळा बांध हळूहळू उभा राहिला आणि वस्तीच्या दिशेनं चालायला लागला.

"बघितलं?" मास्तर म्हणाले. "आता मला ऐकाया लागत न्हाई. दिसती."

काठी खांद्यावर टाकून ते कळपामागे गेले. मी मशीन वहिनीकडे दिलं आणि गाडीपाशी येऊन हाक मारली, "येतो मास्तर!" त्यांना ती ऐकू गेली नाही. पूर्वीचा मी असतो तर धावत गेलो असतो, पुन्हा ओरडलो असतो, रस्ताभर हळहळलो असतो. त्या दिवशी मी नुसतं उभं राहून बघितलं. धुळीत त्यांचा फेटा दिसत होता, आणि पावलं त्याच चालीवर पडत होती. मग किक मारली आणि मीही निघालो.